टर्नटेबल बेल्टचं की डायरेक्ट? एक स्वर झुलत होता म्हणून दोन्ही वापरून पाहिली

पियानोचा स्वर एकदा वाजला की तो वळवता येत नाही. गायक स्वर ओढतो, सतारीची तार खेचता येते, व्हायोलिनवर बोट थरथरवता येतं. पियानोत हातोडी तारेवर आदळून मागे आली की वाजवणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात, स्वर धरून ठेवणं किंवा सोडून देणं. म्हणून रेकॉर्डवर पियानोचा लांबलेला स्वर झुलायला लागला तर त्यात कलाकाराचा काही संबंध नसतो. दोष मशीनचा असतो, नाहीतर तबकडीचा.

माझ्याकडे संथ पियानोची एक रेकॉर्ड आहे. तिच्या दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, लेबलाच्या जवळ, एक खर्जातला स्वर वाजतो आणि कितीतरी वेळ विरत राहतो. माझ्या बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबलवर, म्हणजे मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवते अशा रेकॉर्ड वाजवायच्या मशीनवर, तो झुलत होता. खाली, वर, परत खाली. मी रोज तानपुरा लावून गायला बसते, त्यामुळे स्वर जरा हलला तरी कान टवकारतात, आणि एकदा ते ऐकू आलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. त्या एका स्वरापायी मी आधी बेल्ट बदलला, मग दुसरं मशीन घेतलं, आणि गेली तीन वर्षं बेल्टवालं आणि डायरेक्टवालं (पट्ट्याशिवाय, थेट मोटरवर फिरणारं) अशी दोन्ही मशीनं एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवून ऐकते आहे. दोन्हींबद्दल जे वाचलं होतं त्यातलं बरंचसं माझ्या कानांना पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बेल्टवालं मशीन माझ्याकडे बारा वर्षं आहे. तीन स्प्रिंगांवर तरंगणारी आतली चौकट, त्या चौकटीवर प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची थाळी) आणि टोनआर्म (सुईची दांडी), आणि मोटर मात्र बाहेरच्या पेटीला पक्की बसवलेली. ही रचना १९६१ साली एडगर व्हिल्चर यांनी एआर कंपनीच्या एक्सए टर्नटेबलमध्ये आणली. पुढे थोरेन्सच्या टीडी-१५० ने तीच वाट धरली, आणि स्कॉटलंडचा लिन सोंडेक एलपी-१२ तर त्याच वाटेवर पन्नास वर्षांहून जास्त काळ चालतो आहे. कल्पना साधी आणि फार देखणी आहे. मोटर थरथरते. ती थरथर सुईपर्यंत पोचू द्यायची नाही. म्हणून दोघांच्या मधे फक्त एक रबरी पट्टा.

माझ्या मशीनची मोटर ५० हर्ट्‌झच्या विजेवर मिनिटाला २५० फेरे घेते. एलपीला हवेत ३३⅓. म्हणजे प्लॅटरच्या एका फेऱ्याला मोटरचे साडेसात फेरे. हे गणित जमवायचं काम पुलीच्या (मोटरवरच्या छोट्या चाकाच्या) आणि प्लॅटरच्या घेराचं, आणि ते जमलेलं ठेवायचं काम त्या पट्ट्याचं. तो पट्टा म्हातारा झाला की काय होतं, ते मी प्लॅटर उचलल्यावर पाहिलं.

बेल्ट आतल्या बाजूने काचेसारखा चकचकीत झाला होता. नवा बेल्ट मऊ, धुरकट काळा असतो, हा आरशासारखा चमकत होता. बाहेर काढून टेबलावर ठेवला तर गोल पडेना. एका जागी पुलीच्या आकाराचा बाक कायमचा बसला होता, कारण मशीन आठवडे आठवडे बंद असायचं तेव्हा रबर त्याच जागी दुमडून राहायचं. पुलीवर नखाने खरवडलं तर काळी राख निघाली. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मी पुली पुसली, प्लॅटरची आतली कड पुसली, आणि तीन बोळे काळे झाले. हे मी किती वर्षं ऐकत होते असं मनात आलं आणि वाईट वाटलं. बेल्ट रोज थोडा थोडा ढिला होतो आणि कान रोज थोडे थोडे सवयीचे होतात. एका रात्रीत बिघडला असता तर लगेच कळलं असतं.

नवा बेल्ट मागवला. ज्यांनी पाठवला त्यांनी लांबी बरोबर दिली, पण जाडी चुकीची. जाडीने काय फरक पडणार, असं त्यांनी फोनवर मला ऐकवलंही. फरक पडतो, आणि कानाला लागतो. बेल्टचा वेग त्याच्या जाडीच्या मध्यावर ठरतो, त्यामुळे जाड बेल्ट म्हणजे पुली मोठी केल्यासारखंच. माझी पुली २० मिलिमीटरच्या आसपासची आहे आणि बेल्ट जिच्यावर बसतो ती आतली थाळी १५० ची. बेल्ट ०.६ ऐवजी ०.८ मिलिमीटरचा आला तर वेग सुमारे ०.८ टक्के वाढतो. अर्धस्वर म्हणजे जवळपास ६ टक्के, तेव्हा हा त्याचा सातवा हिस्सा झाला. गाणं सुरू झाल्याबरोबर मला सगळं वर चढलेलं वाटलं. खात्रीसाठी स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायची, चकती ठेवली. ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या निऑनच्या दिव्याखाली १८० ठिपक्यांचं वर्तुळ ३३⅓ ला स्थिर दिसायला हवं. ठिपके सावकाश पुढे सरकत होते, सेकंदाला जवळपास एक. बेल्ट परत केला, योग्य जाडीचा मिळवला, ठिपके थांबले. ज्यांच्याकडे बेल्टवालं मशीन आहे त्यांना मनापासून सांगते की बेल्ट मागवताना लांबी, रुंदी आणि जाडी असे तिन्ही आकडे मागा. एक जरी सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका.

नव्या बेल्टने मशीन पुन्हा तरणं झालं. सुरांच्या कडा नीट आल्या, सुरुवातीला वेग पकडायला लागणारा वेळ निम्म्यावर आला. पण तो खर्जातला स्वर? झुलतच होता. कमी, पण झुलत होता.

तेव्हा मी ठरवलं, पट्टाच नको.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर आणि प्लॅटर यांच्यात काहीच नसतं. प्लॅटर हाच मोटरचा फिरता भाग. मोटर मिनिटाला ३३⅓ च फेरे घेते, त्यामुळे तिची थरथर फार खालच्या कंपनांवर राहते. हे बाजारात पहिल्यांदा आणलं जपानच्या मात्सुशिताने, टेक्निक्स एसपी-१० या मॉडेलमध्ये, १९७० साली. त्यामागचे अभियंते शुइची ओबाता. १९७२ मध्ये त्याच घरातून एसएल-१२०० आलं, आणि त्या दशकाच्या शेवटी त्याची एमके-२ आवृत्ती, क्वार्ट्‌झ स्फटिकावर वेग बांधलेली. हेच मशीन पुढे जगभरच्या डीजेंच्या हाती गेलं, पण मुळात पहिलं एसएल-१२०० घरी ऐकणाऱ्यांसाठी बनलं होतं हे विसरलं जातं. २०१० मध्ये उत्पादन थांबलं आणि २०१६ मध्ये नव्या मोटरसह परत सुरू झालं.

मी घेतलं त्याच नव्या पिढीतलं एसएल-१५००सी, २०१९ मध्ये आलेलं. यात वेग कमीजास्त करायची पट्टी नाही, ठिपके नाहीत, दिवा नाही. ऐकणाऱ्याला जे लागतं तेवढंच ठेवलं आहे. ३३, ४५ आणि ७८ असे तीन वेग, आत फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग), सोबत ऑर्टोफॉनचं २एम रेड कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग). बाजू संपली की टोनआर्म आपणहून वर उचलला जातो, आणि रात्री ऐकता ऐकता डोळा लागणाऱ्यांच्या सुईचं आयुष्य त्याने वाचतं. सुरू केलं की ०.७ सेकंदात वेग पकडतं. प्लॅटर फिरायला लागला हे कळेपर्यंत तो पूर्ण वेगात असतो.

बसवलं, पाणसळ लावून समतल केलं, सुईचा भार १.८ ग्रॅमवर आणला, आणि पहिली रेकॉर्ड अर्थातच तीच लावली. दुसरी बाजू, शेवटचा तुकडा.

स्वर झुलला.

मी उठून मशीनजवळ गेले आणि पहिल्यांदाच, कानाने नाही, डोळ्यांनी पाहिलं. प्लॅटर दगडासारखा स्थिर फिरत होता. टोनआर्मचं टोक मात्र डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे असं हेलकावत होतं. एका फेऱ्याला एकदा. ३३⅓ ला एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. मी घड्याळाकडे पाहून मोजलं, स्वराचा हेलकावाही तेवढाच. तबकडीचं भोकच मधोमध नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याचा दोष बेल्टला देत होते तो रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यातून आला होता.

याचा हिशोब फार बोलका आहे. भोक अर्धा मिलिमीटर बाजूला असेल तर १०० मिलिमीटर त्रिज्येवर स्वर अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली जातो. लेबलाजवळ, ६० मिलिमीटरवर, तोच दोष ०.८ टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत अर्धस्वराच्या पाव हिश्शाहून जास्त. माझा स्वर बाजूच्या शेवटी होता, सर्वांत वाईट जागी. आता शेजारी टर्नटेबलचा आकडा ठेवा. एसएल-१५००सीची वॉव आणि फ्लटर, म्हणजे वेगातली चढउतार, कंपनी ०.०२५ टक्के सांगते. मोजायची पद्धत वेगळी आहे हे मान्य, तरी अंतर किती प्रचंड आहे पाहा. इतकं काटेकोर मशीन घेऊन त्यावर वाकड्या भोकाची तबकडी ठेवली तर ते मशीन तो वाकडेपणा अत्यंत काटेकोरपणे वाजवतं. १९८० च्या दशकात नाकामिचीने टीएक्स-१००० नावाचं टर्नटेबल केलं होतं, ते आधी खाचांचा खरा मध्य शोधून प्लॅटर तेवढा सरकवून घ्यायचं. तेव्हा ती श्रीमंतांची हौस वाटली असेल. मला आता तो रोगावरचा नेमका इलाज वाटतो.

मग दोन्ही ड्राइव्हमध्ये फरक आहे तरी का? हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून धाकट्या भावाला बसवलं. दोन्ही मशीनांवर २एम रेड, दोन्हींवर १.८ ग्रॅम, दोन्ही एकाच फोनो प्रीअँपला, मधे एक साधा स्विच. एसएल-१५००सीमधला प्रीअँप बंद केला. रेकॉर्डची एकच प्रत, भोक नीट मधोमध असलेली निवडून. भाऊ नाणं उडवायचा, कोणत्या मशीनवर लावायची ते ठरवायचा, सुई टेकली की मला हाक मारायचा. मी शेजारच्या खोलीतून येऊन मशीनांकडे पाठ करून बसायचे. त्याने बोलायचं नाही, मी फक्त "बेल्ट" किंवा "डायरेक्ट" म्हणायचं, तो वहीत लिहायचा. दोन संध्याकाळी, वीस वीस फेऱ्या.

पहिल्या संध्याकाळी गायन. आवाज आणि मागे तानपुरा. माझी खात्री होती की तानपुऱ्यावर मी झोपेतही ओळखीन. वीसपैकी अकरा बरोबर आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. भाऊ वही पुढे करत म्हणाला, "ताई, तू दर वेळी इतक्या ठामपणे सांगत होतीस की मला वाटलं विसाच्या वीस येणार." नंतर विचार केल्यावर कारण लक्षात आलं. तानपुऱ्याची जवारी स्वतःच लाटांनी भरलेली असते, एकाच तारेतून सूर उमलत मिटत राहतात. गळ्यालाही स्वतःचं कंपन असतं. वेगातली बारीक थरथर त्यात मिसळून जाते, कान तिला वेगळी काढू शकत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पियानो. वीसपैकी सोळा. इथे मला नेमकं काय ऐकायचं ते तिसऱ्या चौथ्या फेरीतच सापडलं. स्वर वाजतो त्या क्षणी नाही, त्यानंतर दीड दोन सेकंदांनी, तो विरायला लागतो तेव्हा. बेल्टवर विरणाऱ्या स्वराला एक मऊ धूसर कड येते, पाण्याखालच्या नाण्याची दिसते तशी. डायरेक्टवर कड शेवटपर्यंत राहते आणि स्वर नुसता लहान होत जातो.

टोनआर्म दोन्हींचे वेगळे, पेट्या वेगळ्या, तेव्हा ही कड ड्राइव्हचीच कशावरून, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं. म्हणून ३१५० हर्ट्‌झचा एकसुरी स्वर असलेली चाचणीची रेकॉर्ड लावून फोनमधल्या अ‍ॅपवर स्वराची रेघ काढली. दोन्ही रेघांमध्ये १.८ सेकंदांची मोठी लाट होती, सारख्याच उंचीची, कारण चाचणीच्या रेकॉर्डचंही भोक अगदी मधोमध नव्हतं. डायरेक्टची रेघ त्या लाटेवरून घासून गुळगुळीत केल्यासारखी गेली. बेल्टच्या रेघेवर मात्र लाटेच्या अंगावर आणखी बारीक दातेरी कंप होता. माझ्या कानाने जिला धूसर कड म्हटलं ती हीच.

"बेल्ट जास्त संगीतमय, डायरेक्ट कोरडं" हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की घेण्याआधी मलाही धास्ती होती. त्यामागे जुनं कारण आहे आणि ते खोटं नाही. साध्या मोटरमध्ये चुंबकाचे ध्रुव लोखंडी गाभ्यासमोरून जाताना एकेका जागी अडखळतात, त्याला कॉगिंग म्हणतात. बेल्ट हा हिसका गिळतो, डायरेक्टमध्ये गिळायला काही नसतं. शिवाय वेग चुकला की सर्किट तो सुधारणार, जास्त सुधारला की परत खाली आणणार, या ओढाताणीबद्दलही तक्रार असायची. पण टेक्निक्सच्या नव्या मोटरमध्ये लोखंडी गाभाच नाही, त्यामुळे अडखळायला जागा नाही. आणि कोरडेपणाचा ठपका मुळातच तत्त्वावर ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या लेथवर रेकॉर्डची मूळ, लॅकरचा लेप दिलेली तबकडी कापली जाते, त्या नॉयमान कंपनीच्या लेथपैकी कितीतरी लेथ डायरेक्ट ड्राइव्ह मोटरवर चालल्या, टेक्निक्सच्या एसपी-०२ मोटरवरही. आपण "बेल्टवरच खुलते" म्हणून जी रेकॉर्ड कवटाळतो, तिची खाच कदाचित डायरेक्ट ड्राइव्हवर फिरत असतानाच कोरली गेली असेल.

शांततेत मात्र माझं जुनं मशीन पुढे आहे. दोन गाण्यांच्या मधल्या जागेत व्हॉल्यूम चढवून ऐकलं तर बेल्टवाल्यावर फक्त खाचेची सळसळ येते, खाली काही नाही. डायरेक्टवर त्या सळसळीच्या खाली अगदी खोल कुठेतरी काहीतरी आहे असं जाणवतं, पण नेहमीच्या आवाजात ऐकताना ते माझ्या कानापर्यंत पोचत नाही. पावलांच्या हादऱ्यांच्या बाबतीत उलट. स्प्रिंगांवरचं मशीन स्पीकरचे हादरे छान अडवतं, पण फळी जमिनीवर उभी असेल आणि कोणी जवळून चाललं तर आतली चौकट डोलते आणि सुई उडते. भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवल्यापासून हा त्रास संपला. डायरेक्टवालं जड आणि घट्ट आहे, त्याला चालण्याने काही होत नाही.

रोजच्या वापरात ज्याने माझं मन डायरेक्टकडे झुकलं ती गोष्ट क्षुल्लक वाटेल: ब्रश. ऐकण्याआधी मी फिरत्या रेकॉर्डवर कार्बन फायबरचा ब्रश धरते. बेल्टवाल्यावर ब्रश टेकवला की प्लॅटर मंदावतो, जास्त दाबला तर पुली नुसती सरकते आणि बेल्टचा तो बारीक चिरका आवाज येतो. मग ब्रश इतका हलका धरायचा की धूळ हलतच नाही. डायरेक्टवर निवांत दोन फेरे ब्रश दाबून धरते, प्लॅटरला पत्ताही लागत नाही. आणि ४५ च्या छोट्या रेकॉर्ड्स. जुन्या मशीनवर त्यासाठी प्लॅटर उचलायचा, बेल्ट पुलीच्या मोठ्या पायरीवर चढवायचा, बोटं रबराला लागू द्यायची नाहीत कारण हाताचं तेल बेल्टला खातं, आणि ऐकून झालं की परत सगळं उलटं. परिणाम असा की इतक्या वर्षांत मी ४५ च्या रेकॉर्ड्स जवळपास लावल्याच नाहीत. आता बटण दाबते आणि लावते. त्या पेटीत काय काय होतं ते मलाच नव्याने कळलं.

याचा अर्थ डायरेक्ट म्हणजे चांगलंच, असं अजिबात नाही. एका मैत्रिणीने हौसेने एक स्वस्तातलं डायरेक्ट ड्राइव्ह घेतलं, दिसायला अगदी डीजेवाल्या मशीनसारखं. ऐकायला गेले तर गाण्याच्या मागे घुंss असा एक आवाज, आणि बाजू संपत जाईल तसा तो वाढत होता. मशीन बंद केलं तरी अँप चालू असेतो घुमत होता. आर्म हातात धरून रिकाम्या प्लॅटरवरून सावकाश आत नेला, तर एका ठरावीक जागेवर घुमणं सर्वांत मोठं. तिथे खाली पेटीत ट्रान्सफॉर्मर होता आणि कार्ट्रिज त्याचं चुंबकीय क्षेत्र उचलत होतं. तिने विकणाऱ्यांना सांगितलं तर उत्तर मिळालं की अर्थिंगची तार बघा. तार ठीक होती. शेवटी तिने ते परत केलं. स्वस्त डायरेक्टमध्ये पैसे मोटर आणि सर्किट खातात, आणि टोनआर्मच्या वाट्याला उरतं ते उरतं. त्याच किमतीत बेल्टवाल्या कंपनीला एक साधी मोटर आणि रबराचा पट्टा लागतो, बाकी सगळं आर्म, बेअरिंग आणि प्लॅटरवर घालता येतं. रेगा कंपनीचं हलक्या, ताठ पेटीचं आणि उत्तम आर्मचं तत्त्व, किंवा प्रो-जेक्ट कंपनीची डेब्यू मालिका, यांचं सगळं बळ इथे आहे. म्हणून बेताच्या खर्चात पहिलं टर्नटेबल घेणाऱ्याला मी आजही बेल्टच सुचवते, आणि सोबत एक जादा बेल्ट आधीच घेऊन अंधारात, सपाट ठेवून द्यायला सांगते.

खर्च थोडा वाढवता येत असेल तर प्रश्न बदलतो. पियानो, गिटार, व्हायब्राफोन, घंटेसारखी विरणारी वाद्यं जास्त ऐकत असाल, ४५ च्या रेकॉर्ड्स असतील, दर थोड्या वर्षांनी बेल्टची आठवण ठेवणं जमणार नसेल, तर चांगलं डायरेक्ट घ्या. गायन, तंतुवाद्यांचा मोठा मेळ, लाइव्ह मैफली यांत तुमचा जीव असेल तर ड्राइव्हचा विचार बाजूला ठेवा आणि ते पैसे कार्ट्रिजवर घाला. आमच्या घरी २एम रेडच्या जागी त्याच अंगात २एम ब्लूची सुई बसवली तेव्हा गाण्याच्या "स" आणि "श" मध्ये जो फरक पडला, तो दोन्ही मशीनांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तो भावालाही न सांगता कळला.

आयुष्याच्या बाबतीत मात्र मला अजून काळजी वाटते. माझं बेल्टवालं मशीन मी स्क्रूड्रायव्हर, तेलाचा एक थेंब आणि नव्या पट्ट्यावर आणखी वीस वर्षं चालवू शकते, त्यात न समजण्यासारखं काही नाही. डायरेक्टमध्ये वेग सांभाळणारं सर्किट गेलं तर मी स्वतः काही करू शकणार नाही, आणि तो सुटा भाग तेव्हा मिळेल का, हा प्रश्न आहे. जुनी एसएल-१२०० चाळीस चाळीस वर्षं चालताना पाहिली आहेत, म्हणून धीर धरते.

राहिली ती पियानोची रेकॉर्ड. गेल्या महिन्यात मी बारीक गोल कानस घेऊन तिचं भोक अगदी थोडं मोठं केलं, केसाएवढं एकेका बाजूने, लेबलवर धूळ पडू नये म्हणून खाली ओलं फडकं धरून. आता ती स्पिंडलवर (प्लॅटरच्या मधल्या खुंटीवर) किंचित सैल बसते. लावताना सुई टेकवते, आर्मचं टोक कुठे हेलकावतं ते बघते, सुई उचलते, रेकॉर्ड बोटाने जराशी ढकलते, परत टेकवते. तिसऱ्या चौथ्या प्रयत्नात आर्म सरळ रेषेत आत जायला लागतो. आधी डायरेक्टवर लावली. मग बेल्टवर. भाऊ शेजारी बसला होता. शेवटचा स्वर आला, लांबला, विरत गेला, आणि दोन्हीकडे एका जागी उभा राहिला. बेल्टवर ती धूसर कड होती. भाऊ म्हणाला, "ताई, मला तर हीच जास्त आवडली." मला डायरेक्टवरची आवडली. त्या रात्री आम्ही ती बाजू आणखी दोनदा ऐकली, एकदा त्याच्या मशीनवर आणि एकदा माझ्या.